दहा किलो माल्ट

लीड्स, १२ ऑक्टोबर २०२५

गुरम्मा आत्या,

शरणु. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोन मुद्दामच केला नाही. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, मग तू स्पीकर लावतेस आणि माझं बोलणं आपल्या अख्ख्या डाळमिलला ऐकू जातं. अप्पा तिथे असले की उठून जातात. खुर्ची सरकल्याचा आवाज मला इथे लीड्सला येतो. म्हणून हे पत्र.

एक काम आहे. अमर लहान असताना तू ज्वारीला मोड आणून माल्ट करायचीस. आई गेल्यावर तू त्याला त्याच्यावरच वाढवलंस. ते कसं करायचं ते मला नीट लिहून पाठव. इथल्या गुजराती दुकानातली ज्वारी आणून मी दोनदा बघितलं. मोड कमी आणि बुरशी जास्त. वाळवायला ऊन म्हणावं असं ऊन इथे नाहीच. मला साधारण दहा किलो माल्ट लागणार आहे.

कशाला, ते आत्ता विचारू नकोस. वेळ आली की मीच सांगेन. भागवतला फार उत्साह आहे, ऑफिसातून आला की त्याचं तेच चालू असतं. मला मात्र सध्या स्वयंपाकघरातल्या वासानं गरगरतं.

अप्पांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी
सुकन्या

*

१२ ऑक्टोबर २०२५, ई-मेल

अमर,

आत्याला पत्र टाकलंय. तिला उलगडून सांगितलं नाही, तुला सांगते. पोटात राहतंय का बघ.

मी आणि भागवत घरी बिअर करतो. इथे आपल्यापुरती करायला कायद्याची आडकाठी नाही. दिवसभर बिस्किटाच्या कारखान्यात पीठ तपासायचं आणि सुट्टीच्या दिवशी हे. आमचा एक क्लब आहे, मार्चमध्ये त्यांची स्पर्धा असते. मी जी करते तिला एल म्हणतात. कडक आणि कडू. कडूपणा येतो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, चवीला कडूजहर आणि वासाला संत्र्याच्या सालीसारखी. ती उकळली की सगळं घर असं काही घमघमतं की मला गच्चीवर, म्हणजे इथे गच्ची नाही म्हणून फुटपाथवर, जाऊन उभं राहावं लागतं.

सगळे बार्लीच्या माल्टाची करतात. मला निम्मी ज्वारी घालायची आहे. चव कशी येईल देव जाणे, पण ती आपली असेल. बाटलीवर गावाचं नाव घालणार आहे. भागवतनं लेबल करूनसुद्धा ठेवलंय, फोटो जोडला आहे.

आता तूच सांग, हे आत्याला कसं लिहू? भागवत चाकूरच्या मराठ्यांचा, त्याच्याशी लग्न केलं एवढ्यावर अप्पा चार वर्षं माझ्याशी बोलत नाहीत. त्यात लिंगायताची पोरगी घरात दारू करते हे कानावर गेलं, तर उरलंसुरलं संपलं. तेव्हा चूप.

अक्का

*

उदगीर, २० नोव्हेंबर २०२५

चि. सुकन्या,

तू लिहिलं नाहीस तरी मला कळायचं ते कळलं. माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत? बाईमाणूस माल्ट कशाला करतं ते मला माहीत नाही होय? तीन महिने पुरे होईस्तोवर बोलू नये, हे तू पाळलंस, चांगलं केलंस. वासानं गरगरतं त्याला आल्याचा तुकडा मिठात घोळून चघळ. भागवतला उत्साह आहे हे वाचून बरं वाटलं. पुरुषाला आधी नसतो, नंतर येतो.

दहा किलो वाचून मात्र मी एकटीच हसत बसले. अगं, जुळी असली तरी वर्षभर पुरेल! पण असू दे. तुला लहानपणापासून सगळं पोत्यानं लागतं.

आता कसं करायचं ते. ज्वारी रात्रभर भिजवायची, उपसून ओल्या फडक्यात बांधायची. मोड बोटाच्या पेराएवढे आले की कडक उन्हात वाळवायची. वाळली की हातावर चोळून मोड पाखडून टाकायचे, ते पोटाला बाधतात. मग मंद आचेवर खमंग भाजायची आणि दळायची. पण हे सगळं तुला तिथे होणार नाही, म्हणून मीच केलं. नांदेडचा आपला बसवराज लंडनला चालला आहे, त्याच्याबरोबर दिलं आहे. पत्रही त्याच्याच हाती.

अण्णाला सांगू नको म्हणालीस. मी सांगितलं. असली बातमी घरात ठेवून मला झोप येईल का? तुझ्या बापानं ऐकून घेतलं. ‘किती पाहिजे म्हणाली?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी उठून स्वतः मोंढ्यात गेला. हमालाला सांगून एकेक पोतं उघडायला लावलं, मूठ मूठ काढून दाताखाली फोडून बघितली. ‘औषध लावलेली नगं, उगवंल अशी दे’ म्हणाला. तुझ्या लग्नानंतर तुझ्यासाठी त्यानं हललेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला तिथेच रडू आलं.

जड उचलू नकोस.

गुरम्मा आत्या

*

३ डिसेंबर २०२५, ई-मेल

अक्का, तू काय करून ठेवलंस?

इकडे बारसं ठरायचं तेवढं राहिलंय. आत्यानं चाकूरला भागवतभाऊजींच्या आईला फोन लावला. चार वर्षांत उदगीरहून चाकूरला गेलेला पहिला फोन. आणि स्पीकरवर. केवळाबाई म्हणाल्या, “आमाला आधी सांगाया काय झालतं?” आत्या म्हणाली, “आमालाबी कुठं सांगितलं, आमी वळखलं!” मग दोघी अर्धा तास बोलल्या. आता रोज बोलून राहिल्यात. तुझ्या सासूबाईंनी डिंक आणून ठेवलाय.

अप्पांचं सांगतो. परवा जेवताना ताटात बघत म्हणाले, “तिकडं थंडी लई असंल का?” मी म्हणालो, हाव, लई. मग म्हणाले, “घर ऊबदार हाय का तिचं?” अक्का, तिचं म्हणाले.

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. नाही जमलं. तुझं तू निस्तर. लेबल बाकी झकास आहे.

अमर

*

२८ डिसेंबर २०२५, ई-मेल

अमर,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही कारण काय द्यावं ते कळत नव्हतं.

आधी बिअरचं सांगते, ते सोपं आहे. फसली. आत्यानं माल्ट भाजलंय. बाळाच्या दृष्टीनं बरोबरच केलं. पण मोड आल्यावर दाण्यात जी ताकद येते, पिठुळाचं साखरेत रूपांतर करायची, ती भाजल्यावर मरते. ज्वारीची निम्मी साखर नाही तर यीस्टला खायलाही निम्मंच. मला कडक एल हवी होती, झालं ते पाणचट. त्यात गोडवा नसला की हॉप्सचा कडूपणा अंगावर येतो. भागवत म्हणाला कारलं पिळल्यासारखं लागतं, आणि तरी त्यानं दोन ग्लास संपवले. त्याच्या आईला तो फोनवर ‘अजून नक्की नाही’ म्हणून बसलाय, म्हणजे आता तोही माझ्याबरोबर खोट्यात.

आता अवघड ते. अप्पांनी पोती उघडायला लावली हे वाचून मी भांडी घासता घासता हमसून रडले. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, ही पोती माझ्यासाठी कुठे उघडली? नातवासाठी उघडली. मी चार वर्षं बोलायची वाट बघतेय तेव्हा एक पोतं हललं नाही. मला राग आला, अमर. आणि राग आला तरी ते ‘तिचं घर ऊबदार आहे का’ मला गमवायचं नाही. खरं सांगितलं की हेही बंद होणार. म्हणून मी थोडे दिवस आणखी खोटी राहते. वाईट आहे, मला कळतं.

आत्याला एवढंच लिहिणार आहे की पुढचं माल्ट न भाजता, भरडच पाठव.

अक्का

*

उदगीर, १ फेब्रुवारी २०२६

चि. सुकन्या,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तब्येतीचा एक शब्द नाही आणि म्हणे माल्ट न भाजता पाठव. कच्चं माल्ट लेकराला देशील? पोट फुगून रात्रभर रडेल, तेव्हा कळेल. तिकडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं असेल, तर तिला सांग, आमच्या घरची पोरं भाजक्यावर वाढलीत.

मी देणारच नव्हते. पण अण्णानं पत्र वाचलं. मी काही दाखवलं नव्हतं, ओट्यावर होतं. म्हणाला, “ती मागती तसं दे. भाजायचं का न्हाई ते तिचं ती बघंल.” पुन्हा ज्वारी आणली, पुन्हा तशीच बघून. बापानंच सांगितल्यावर मी कोण बोलणार? यावेळी कुरिअरनं पाठवते आहे.

सोबत गोधडी आहे. तुझ्या आईचं अंजिरी लुगडं मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, त्याची केली. लहानशीच आहे, पाळण्यापुरती. टाके जवळ घातलेत, ऊब धरेल.

यंदा धोंड्याचा महिना येतो आहे. मागच्या वेळी जावयाला बोलावलं नाही, माझ्या मनाला लागून राहिलं. यंदा अण्णा काय म्हणतो बघू. तुला त्या दिवसांत प्रवास झेपेल का ते मात्र डॉक्टरीणबाईला विचार.

गुरम्मा आत्या

*

लीड्स, २२ फेब्रुवारी २०२६

आत्या,

हे पत्र बसून वाच. आणि स्पीकर लावल्यासारखं मोठ्यानं वाचू नकोस.

मला दिवस गेलेले नाहीत. तेव्हाही नव्हते. मी तसं कुठे लिहिलं नव्हतं, पण तुला तसं वाटतंय हे कळल्यावर मी गप्प बसले, म्हणजे लिहिल्यासारखंच झालं. माल्ट मी बिअरसाठी मागितलं. आम्ही घरी बिअर करतो. विकत नाही, कुणाला त्रास देत नाही. सुट्टीच्या दिवशी चार मित्र येतात त्यांच्याबरोबर पितो. मी पिते. सगळं एकदाच सांगून टाकते.

तुझं न भाजलेलं माल्ट अगदी हवं तसं निघालं. यावेळी मी अर्धी भरड आधी आंबिलीसारखी शिजवून घेतली, निवाल्यावर उरलेल्या कच्च्या भरडीत आणि बार्लीच्या माल्टात कालवली. तासाभरात अशी गोड झाली की बोट चाखून भागवत ‘काकवी!’ म्हणाला. कडू फुलं मागच्या वेळी सगळी उकळीत घातली होती. आता थोडी उकळीत आणि बाकीची आंबून झाल्यावर, थंडपणी. वास राहिला, कडूपणाचा चावा गेला. मला हवी होती ती कडक एल हीच. हे तुला सांगून काय उपयोग आहे ठाऊक नाही, पण इतका आनंद झालाय आणि ज्वारी निवडणारे, मोड आणणारे हात तुमचे, म्हणून सांगावंसं वाटलं.

अजून एक आहे. ते लिहायला मला दोन दिवस लागले. थंडीत बिअर आंबायला ठेवलेलं पिंप गार पडलं की आंबणं थांबतं. त्या आठवड्यात इथे बर्फ पडला. घरातलं सगळं पांघरूण घालून झालं, तरी पिंप गारच. मग मी तुझी गोधडी त्याला गुंडाळली. आईच्या लुगड्याची. दुसऱ्या दिवशी ते आतून बुडबुडायला लागलं. मला हसू आलं आणि मग फार लाज वाटली. त्या रात्री ठरवलं की तुला सांगायचं.

अप्पांना मी लिहायला हवं. पण चार वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात हे, असं कसं लिहू? तुला वाटेल ते कर. तू बोलणं सोडलंस तर मात्र मला माहेर म्हणून काही उरणार नाही, एवढं लक्षात ठेव.

सुकन्या

*

२० मार्च २०२६, ई-मेल

अक्का,

तुझं पत्र आत्यानं देवापुढे बसून वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि कुणाला काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिनं ज्वारीला हात लावणं सोडलं. रोज पोळ्या. दुपारी पोळ्या, रात्री पोळ्या. आपल्या घरात! मी विचारलं तर म्हणाली, “ज्वारीचं नाव काढू नगं.” चाकूरचे फोनही बंद. केवळाबाईंचा मला फोन आला, आमचं काय चुकलं म्हणून.

आठव्या दिवशी अप्पांनी ताट सरकवलं. “भाकर का न्हाई?” आत्या उभ्या जागी फुटली. सगळं सांगितलं. बिअर, पिंप, गोधडी. दारूपेक्षा गोधडीवर जास्त रडली. “वहिनीचं लुगडं पिंपाला गुंडाळलं गं बया,” असं किती वेळ म्हणत होती.

अप्पा ऐकून उठले, हात धुतले आणि मिलमध्ये गेले. राग असता तर आवाज आला असता, तो आला नाही. मला त्याचीच भीती वाटून राहिली. काल मला म्हणाले, “तिचा पत्ता इंग्रजीत लिहून दे.” लिहून दिला. नंतर म्हणाले, “ते लेबल का काय, ते दाखीव.” माझ्याकडे आहे हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. दाखवलं. चष्मा लावून बघितलं.

काय लिहितील सांगता येत नाही. मन घट्ट करून ठेव.

अमर

*

उदगीर, ५ एप्रिल २०२६

सुकन्या,

पत्र लिहायची सवय मोडली आहे. व्यापाराची पत्रं लिहिली, घरची कधी लिहिली नाहीत. समजून घे.

गुरम्मानं मला मार्चमध्ये सांगितलं. मला ऑक्टोबरात कळलं होतं. तान्हं लेकरू चिमूटभर माल्ट खातं. दहा किलो कुठल्याही घरात लागत नाही. नातवंडाचं नाही, दुसरंच काही आहे, एवढं तिथेच उमगलं. काय ते कळलं नाही. पुढे न भाजलेलं मागितलंस तेव्हा लातूरच्या एका आडत्याला विचारलं, असलं माल्ट कोण घेतं. त्यानं हसून सांगितलं. त्यानंतर मी दुसऱ्यांदा ज्वारी आणली. म्हणजे मला माहीत असताना आणली.

पिणं मला पटत नाही. पटणारही नाही. गळ्यात लिंग आहे तोवर मी हो म्हणणार नाही आणि तू माझ्याकडून ते ऐकायची वाट बघू नकोस. गुरम्माला मी काही बोललो नाही, कारण ती पहिल्यांदाच तुझं नाव घेऊन हसत होती. चाकूरला बोलत होती. मला ते मोडवेना.

अमरनाथ म्हणतो, तुला वाटतं की मी नातवासाठी ज्वारी दिली. ते चुकीचं आहे. तू गेलीस तेव्हापासून या घराकडे तू काही मागितलं नव्हतंस. मीही द्यायला गेलो नाही. मला वाटलं होतं तू आता कधीच मागणार नाहीस. तू ज्वारी मागितलीस. ती तुला दिली. कशाला पाहिजे ते विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

मेच्या मध्यावर धोंड्याचा महिना लागतो आहे. भागवतरावांना घेऊन ये. त्यांच्या आईलाही चाकूरहून बोलावणार आहे, गैरसमजाचं मी त्यांना समजावतो. अनारशाचं वाण गुरम्मा करेल. ती रुसलेली आहे, पण तांदूळ कुठला घ्यायचा हे कालच विचारत होती. आणि कालपासून भाकरी सुरू झाली आहे.

येताना भरलेली बाटली या घरात आणू नकोस. रिकामी आण. लेबल लावलेलं बघायचं आहे, अमरनाथच्या मोबाईलवर ते मी आधीच ओझरतं बघितलं होतं. त्यात तुम्ही ‘उदगिर’ लिहिलं आहे. गावाचं नाव घालायचंच असेल तर गीला दुसरी वेलांटी दे. स्पर्धेचं काय झालं ते अमरनाथ सांगत नाही. ज्वारी कशी निघाली होती तेही तूच कळव.

महादेवप्पा

ता. क. : मी गुरम्मा. माझा राग गेलेला नाही. गोधडी घेऊन ये, आंबूस वास लागला असेल. तू धुऊ नकोस, रंग जाईल. मी धुते.